दाद वगळून

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

शॉमबर्गला येऊन आठवडा झाला आणि आज माझा रेकॉर्डर आला! आधीचं गाव, अल्फारेटा, सोडताना बायको रेणू कुरकुरत होती, पण इथे दर महिन्याला गाण्याची बैठक होते हे कळल्यावर मी एका पायावर तयार होतो. मंडळाचे शैलेंद्रकाका, मूळचे नागपूरचे, निवृत्त डॉक्टर, पहिल्याच भेटीत म्हणाले की तुला रेकॉर्डिंगचा नाद आहे ना, मग आमच्या बैठका तूच टेप कर. आंधळा मागतो एक डोळा!

यंत्र तळहाताएवढं. दोन माइक, रेकॉर्डिंग चालू असलं की लागणारा लाल दिवा, एक हिरवं बटण. नको असलेला आवाज कानावर पडला की बटण दाबायचं, तेवढा आवाज सबंध रेकॉर्डिंगमधून पुसला जातो. रेकॉर्डिंग चालू असतानाही जमतं. तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि रेणूचा मिक्सर घरघरत असताना दाबून पाहिलं. हेडफोनमध्ये मिक्सर गायब, तानपुरा जसाच्या तसा. मी नाचायचाच बाकी होतो.

आठ वर्षांच्या अनिकाला रविवारच्या मराठी शाळेत घालायचं रेणूने पुन्हा काढलं. म्हटलं राहू दे, माझी रोजनिशी तरी तिच्यापासून सुरक्षित राहील.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

मिक्सर बिघडला म्हणावं, तर चटणी झक्क वाटतो. फक्त आवाज करत नाही. रेणू खूश आहे. म्हणते, या घरात कुणीतरी गप्प राहायला शिकलं. टोमणा मला होता.

रविवार, १३ ऑक्टोबर

डोकं फिरलंय. काल काकांच्या बेसमेंटमध्ये बैठक झाली. आसावरी गायली. मुलगी इथेच जन्मलेली, दिवसभर फार्मसीत उभी असते, पण काय गळा! आणि त्या गळ्यावर आमचे काका. पहिल्या रांगेत, माझ्या माइकला खेटून, मांडीवर ताल धरून, प्रत्येक समेला ‘क्या बात है! जियो!’ शेजारी दीपाकाकू, त्यांच्या बांगड्यांची वेगळी जुगलबंदी. लोक गाणं ऐकायला येतात की स्वतःचा आवाज ऐकवायला? मध्यंतरात काकांना म्हटलं, जरा हळू. ते हसले. म्हणाले, अरे यार, दाद नसेल तर ती काय भिंतींसाठी गाईल?

आज दुपारी बसलो आणि पुसलं. एकदा काकांवर बटण, एकदा बांगड्यांवर. नुसतं गाणं उरलं, नितळ. आसावरीला पाठवलं तर तिचा मेसेज आला की ऐकताना लोन्ली वाटतं, काका कुठे गेले? शाबासकी राहिली बाजूला. या लोकांना चांगलं काही देऊच नये.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दीपाकाकूंचा फोन होता. रविवारी दुपारपासून काकांचा आवाज गेला आहे. स्पेशालिस्टने घशात नळी घालून पाहिलं, सगळं नॉर्मल. आणि गंमत म्हणजे, काकू म्हणाल्या, माझ्या बांगड्यापण वाजत नाहीत रे, सोनं खोटं निघालं की काय! त्या हसत होत्या.

मला मिक्सर आठवला.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

यंत्र बनवणाऱ्यांना मेल केले. उत्तर काय, तर सॉफ्टवेअर अपडेट करा. इथे माणसाची वाचा गेली आणि हे अपडेट करा म्हणतात! पुसलेलं परत आणायची सोयच ठेवलेली नाही. रेणूला सगळं सांगितलं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. त्या नालायकांच्या नावाने खडे फोडतोय, पण बटण माझ्याच बोटाने दाबलं. दाद दिल्याचा राग आला म्हणून.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मंडळाची कोजागिरी. दुपारी तीनला, कारण हॉल तेव्हाच मिळाला. यंत्र नेणार नव्हतो. पण काकांना खरं सांगितलं होतं आणि त्यांनी फोनवर टाइप करून दाखवलं: आण. त्यातच गेलाय, त्यातूनच येईल.

ते माइकसमोर बसले. आसावरी समेवर आली. काकांचा हात वर गेला, तोंड उघडलं — काही नाही. पुढची सम. पुन्हा काही नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड तसंच उघडत, मिटत होतं.

तेवढ्यात अनिका मागून किंचाळत आली की बाबा, आय अ‍ॅम बोर्ड, लेट्स गो होम. आणि मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. ‘गप्प बस!’ असा ओरडलो की आसावरी गाता गाता थांबली. मसाला दुधाचे कप हातात धरून सगळे बघत राहिले.

लाल दिवा चालू होता.

रविवार, २० ऑक्टोबर

रेणू अजून रागात आहे. यंत्र कपाटात वर ठेवलं. त्या बटणाला हात लावू नकोस म्हटलं, तर म्हणाली, तू आधी स्वतःच्या तोंडाला लगाम लाव.

दुपार

गराजमधून वर आलो तर रेणूच्या कानांना हेडफोन. आसावरीने रेकॉर्डिंग मागितलं म्हणे. लोकांना असला बाप ऐकू जायला नको, म्हणून तेवढंच पुसलं. माझं ओरडणं, अनिकाचं किंचाळणं. एकदम.

मूर्ख आहेस का, म्हणालो. माझे ओठ हलले. आवाज नाही.

अनिका जिन्यात. रडतेय. तोंड भरून रडतेय आणि घरात चिडीचूप.

आता पटलं रेणूला. आता! आता किंचाळून काय —

अनिकाने यंत्र हिसकावलं. बाथरूममध्ये. आतून लॉक. लाल दिवा लागलेला मी पाहिला. रेणू दार बडवतेय, ओरडतेय, थांबतच नाही. पोरीला वाटत असेल बटण पुन्हा दाबलं की आवाज परत — 

पान फाडून दाराखालून सरकवलं. बटण दाबू नकोस, मोठ्या अक्षरांत. तसंच परत आलं.

मराठीत लिहिलं मी. तिला कुठे वाचता — माझ्यामुळे, माझ्याच —

इंग्रजीत लिहितो. रेणू, क्षणभर गप्प बस गं, एक क्षण —

रेणू ओरडतेय. अजून ओरडतेय. तोंड तर उघडंच आहे, पण