आधी खाली आणा, मग बघू

ती. सौ. ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि भाच्यांच्या परीक्षा हे सगळं ठीक आहे असं धरून चालतो, कारण विचारत बसलो तर मुद्दा राहून जाईल. (फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र.) आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण तसं काही नाही. आई पडली. घाबरू नकोस, ऑपरेशन नीट झालंय.

खिडकीचा पडदा वाकडा दिसतो म्हणून ती स्टुलावर चढली. (पडदा सरळच आहे. चष्मा वाकडा झालाय, हे मी कधीपासून सांगतोय.) उतरली ती थेट फरशीवर, आणि उजवा पाय हलेना. मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, श्वास चालू आहे का, रक्त येतंय का, पेशंट बोलतो का. मी सांगतोय तोवर आईने हात पुढे करून फोन घेतला आणि पडल्या पडल्या त्या बाईंना सांगितलं की तसं विशेष काही नाही, तुम्हाला उगीच त्रास, आणि तुमचा आवाज बसलाय, गरम पाणी पीत जा. झालं. पेशंट दुसऱ्याची चौकशी करण्याइतका बरा आहे, तेव्हा गाडी मिळणार नाही, तुमचं तुम्ही घेऊन या, असा निकाल लागला. मी पुन्हा फोन लावला आणि आईला जरा कण्हायला सांगितलं. तिने साफ नकार दिला. परक्या माणसांसमोर कण्हणं तिच्या तत्त्वात बसत नाही. शेवटी मीच कण्हलो, तेव्हा कुठे गाडी आली.

गाडीबरोबर ड्रायव्हर आणि एक मदतनीस. ड्रायव्हर खालीच बसून राहिला. मदतनीस तिसऱ्या मजल्यावर आला, त्याने आईकडे कमी आणि जिन्याकडे जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाला की स्ट्रेचर इथे वळणार नाही आणि हातांनी उचलायची त्यांना परवानगी नाही. मग तुम्ही नेमकं करता काय, असं मी विचारलं. (आवाज चढला होता.) तो शांतपणे म्हणाला, "आधी खाली आणा, मग बघू." यावर आई फरशीवरून मला म्हणते, त्यांना चहा तरी विचार.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुताराला हाक मारली. आम्ही दोघांनी आईला जेवणाच्या खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि एकेक पायरी करत उतरवलं. वळणावर माझ्या कमरेतून कट् असा आवाज आला; तेव्हापासून मी प्रश्नचिन्हासारखा चालतो. खाली पोचलो तर गाडी गायब. खालचा लाँड्रीवाला म्हणाला, त्यांना दुसरा, जास्त तातडीचा फोन आला. आता आई भर रस्त्यात खुर्चीवर, येणारे-जाणारे तिला नमस्कार करतायत आणि ती मान हलवून तो घेतेय. मी फोनवर त्याच बाईंशी भांडत असताना तिने माझी बाही ओढली. "पाय फार दुखतोय रे," हळूच म्हणाली, "मघाशी सांगायला लाज वाटली."

मी फोन बंद केला. ताई, इतका राग आणि इतकं रडू मला आजवर एकदम कधी आलं नव्हतं.

सुताराने टेम्पो काढला. एका कपाटाची दारं आणि आई शेजारी शेजारी आडवी करून हॉस्पिटल गाठलं. तिथे डॉक्टर माझ्यावरच उखडले. खुब्याचं हाड मोडलंय, असा पेशंट कुणी टेम्पोतून आणतं का, अँब्युलन्स बोलावता येत नाही? मी बोललो असतो तर शेजारच्या खाटेवर डॉक्टर असते.

असो. भाऊजींना नमस्कार, भाच्यांना स्टुलांपासून लांब ठेव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. आईला सोमवारी सोडणार आहेत. या वेळी अँब्युलन्स यायला एका फोनवर तयार झाली. फक्त पेशंटला जिना चढवणं त्यांच्या कामात बसत नाही, पत्ता तळमजल्याचा हवा म्हणाले. मी तुझा दिला. आता तो बदलता येत नाही, विचारून पाहिलं.

ता. क. दुसरा. आईला मी सांगितलंय की ताईनेच हट्टाने बोलावलंय. तुमच्या दोघींच्या त्या भांडणानंतर तिला हे अपेक्षित नव्हतं. तिने नर्सकडे कंगवा मागितला.