भुईवर बसायचं नाही

डॉक्टरसाहेब, रामराम.

तुमच्या दवाखान्यातल्या पोरीचा काल अकोल्याहून फोन आला. "ऑपरेशनला आठ वर्षं झाली काकू, गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, झक्कास. खोटं नाही सांगितलं. माह्या वयाच्या बाया काठी टेकतात, मी बिनकाठीची बाजार करून येते.

भुईवर बसायचं नाही, असं तुमी बजावलं होतं. मी देवापुढंही खुर्चीवरच बसली.

दिवाळीनंतर आमच्या मालकांले भुईवर उतरवलं. तोंडात शेवटचं पाणी घालायचं होतं. मी खुर्चीत, हात पुरे ना. ते माह्याकडंच पाहून राहिले होते. मी खाली बसाले गेली तं बंडूनं दंड धरला, "माय, गुडघे जातीन!" मंग सुनेनं पाणी घातलं.

महिन्यानं तपासणीले आली तवा तुमाले विचारलं, एखाद्या वेळी खाली बसलं तं? एक्सरे पाहता पाहता तुमी हसले, "बसा ना काकू, एखाद्या वेळेनं काय होते?"

तुमचा दोष नाही, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. त्या दिवशी घरी आली, अन् त्यांले उतरवलं होतं तिथंच मांडी घालून बसली.

काहीच दुखलं नाही, साहेब.

तुमची बरी झालेली पेशंट,
गोदाबाई