शिफारसपत्रातली सात वाक्ये

२ सप्टेंबर
नव्या शाळेत रुजू होऊन सहा तास झाले नाहीत तोच माझ्यावर एक घोर अन्याय झाला आहे. त्याची नोंद केल्यावाचून चैन पडणार नाही. शिक्षकांच्या खोलीत चहाचा चमचा किटलीच्या कानाला दोरीने बांधलेला आहे. दोरी जेमतेम वीतभर. साखर ढवळायची तर कमरेत वाकावे लागते. म्हणजे वीस सुशिक्षित माणसे दिवसातून दोनदा किटलीला नमस्कार करतात, आणि आजपासून मी एकविसावा. इंग्रजी शिकवायला परमुलखात यायचे आणि संध्या करायची ती किटलीपुढे!

बाकी सगळे उत्तम. खोली हवेशीर, वर्ग लहान, मुले ऐकणारी. संचालिकाबाई साठीच्या, फार मृदू बोलतात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक अतिशय उंच मास्तर बसतात. मी मनातल्या मनात त्यांचे दीपस्तंभ असे बारसे केले. अकरा वर्षे इथेच आहेत म्हणे. आपणहून एक शब्द बोलत नाहीत.

५ सप्टेंबर
हिचा फोन. दर रविवारी करीत जाईन म्हणाली. शिफारसपत्र आत्ताच मागून ठेवा, नंतर मालक मंडळी ओळख विसरतात, असे तिसऱ्यांदा बजावले. तिचे खरे आहे. तिसऱ्याच देशात राहणारी लेक जानेवारीत बाळंत होईल. ही तिच्याकडे आधीच जाऊन पोचली आहे. तिथल्या शाळेत मला जागाही ठेवली आहे, पण त्यांना शेवटच्या मालकाचे सहीशिक्क्याचे पत्र हवे. माझ्या आधीच्या शाळेला टाळे लागले, आणि टाळे कोणाची शिफारस करीत नाही. तेव्हा सगळी भिस्त या बाईंवर. पत्र नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर त्या देशात पाऊल नाही.

६ सप्टेंबर
बाईंनी आनंदाने होकार दिला. इथली रीत अशी की मसुदा ज्याचा त्याने लिहायचा. मग दर मंगळवारी कारकून एकेका वाक्याची खातरजमा करून त्यावर गोल शिक्का मारतो. सगळी वाक्ये झाली की बाईंची सही. हिला सांगितले तर हसत सुटली. म्हणाली, “अहो, स्वतःची स्तुती लिहायची म्हणजे तुम्हाला कागद पुरायचा नाही.”

पुरला. संयम राखून सातच वाक्ये लिहिली. आवाज खणखणीत. विद्यार्थ्यांची नावे पहिल्या दिवशी पाठ. फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे. पाठांतर अफाट. विनोदबुद्धी जागी. कुटुंबवत्सल. बोलणे नम्र. शेवटचे वाक्य लिहिताना जरा लाजलो, पण खोडले नाही.

दीपस्तंभांनी पहिल्यांदाच मान वळवून विचारले, किती लिहिलीत? सात म्हटल्यावर ते खिडकीकडे बघू लागले.

११ सप्टेंबर
काल पहिला शिक्का बसला. आज घसा बसला. खडूची धूळ, दुसरे काय. तिसऱ्या बाकापलीकडे काही पोचत नाही. योगायोगाला अलंकारात स्थान नसले तरी आयुष्यात असते.

१८ सप्टेंबर
दुसरा शिक्का. सकाळी हजेरी घेताना एकाही चेहऱ्याला नाव लागेना. काल सगळी येत होती. “अहो, तुम्ही, हो, तुम्हीच” असे म्हणत तास काढला. मुले हसली. मीही हसलो, म्हणजे अजून हसता येते.

२५ सप्टेंबर
हे अक्षर बघा. एरवी असे अक्षर काढणाऱ्याला मी शंभर ओळी लिहायला लावल्या असत्या. हात दुखत नाही, थरथरत नाही. फक्त अक्षर माझे नाही.

बाईंकडे गेलो. मसुदा परत मागितला. म्हटले, एक ओळ पुरे, इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत शिकवले, एवढेच लिहा. बाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, पाणी दिले. मसुदा परत घेणे नव्या शाळेला संशयास्पद वाटेल, असे समजावले. मग म्हणाल्या, “मी एक अक्षर वाढवत नाही, एक कमी करत नाही. सगळं तुम्हीच लिहिलंय.”

खरेच होते.

२ ऑक्टोबर
वडिलांनी मांडीवर बसवून जे पाठ करून घेतले ते सकाळी अंघोळीच्या वेळी म्हणायला गेलो. पहिला शब्द आला. त्यापुढे काही नाही. चाळीस वर्षे रोज म्हणत होतो. बादली भरून वाहत होती आणि मी उभा.

३ ऑक्टोबर
नोकरी सोडतो म्हणालो. कारकून म्हणाला, खुशाल सोडा, शिक्के चालूच राहतील, काम अर्धवट ठेवायची आमची पद्धत नाही. आणि सोडून गेलो तर पत्र हातात पडणार नाही. पत्राशिवाय लेकीकडे जायचे कसे?

९ ऑक्टोबर
चहा घेतला. चमचा दोरीने बांधलेला आहे. वाकून ढवळला. पहिल्या पानावर याबद्दल बरेच लिहिले आहे. दोनदा वाचले. त्यात हसण्यासारखे काय होते ते कळत नाही.

हिला फोनवर म्हटले की येणे जमेल असे वाटत नाही. तिला थट्टा वाटली.

११ ऑक्टोबर
दीपस्तंभांच्या खणात त्यांचे पत्र पाहिले. त्यांनीच दाखवले. जाड कागद, अकरा वाक्ये, अकरा शिक्के, बाईंची सही. फार सुंदर पत्र. असे पत्र असताना इथे का बसलात, असे विचारले.

त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, “पत्र तयार आहे हो. कुठे पाठवायचं होतं, तेवढं आठवत नाही.”

१२ ऑक्टोबर
कारकुनाकडे गेलो. सहावे वाक्य सोडा म्हणालो. पाया पडलो. त्याने मला उठवले, कोट झटकून दिला. मंगळवारी या म्हणाला.

१४ ऑक्टोबर
हिचे नाव तळहातावर लिहिले. लेकीचे दुसऱ्या हातावर. भिंतीवर फोटो लावला, खाली लिहिले, ही तुझी बायको, ही तुझी मुलगी, जानेवारीत बाळ. पण ज्याची नावे गेली, अक्षर गेले, त्याला हे लिहिलेले आपले वाटेल का —

१५ ऑक्टोबर, मंगळवार
शिक्का मारल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला.

अजून आठवते आहे. लेकीचा पहिला दात. हिचा हिरवा — हिरवे काहीतरी —

१६ ऑक्टोबर
भिंतीवर दोन बायकांचा फोटो आहे. खोली आधी कोणाची असावी. हातावर शाई लागली होती, धुतली.

१९ ऑक्टोबर
वही मागच्या पानांपासून वाचत आलो. म्हणजे फोटोतली माणसे माझी आहेत. वाचून समजते, पण आत काही हलत नाही.

पत्राची काळजी नाही. पत्र मिळेल, उत्तम मिळेल. आता एकच वाक्य शिक्क्यावाचून उरले आहे, बोलणे नम्र. काळजी उद्याची आहे. उद्या रविवार, वहीत लिहिल्याप्रमाणे फोन येईल, पलीकडून कोणी अहो म्हणेल, आणि मी अगदी नम्रपणे विचारीन, आपण कोण —