ताजव्यातली डहाळी

सोमवार, ४ जानेवारी १९६०
अखेर अकोल्यात नोकरी लागली. जठारपेठेत मोरोपंत डॉक्टरांच्या घरामागे एक खोली आहे, तीच त्यांची प्रयोगशाळा. नागाच्या विषापासून दुखणं मारणारं इंजेक्शन करायचा त्यांनी ध्यास घेतलाय. विष वाळून पिवळे खडे होतात. ते खलायचे, तोलायचे, पार पातळ करून बाटल्यांत भरायचे, एवढं माझं काम. पूड उडू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा वर्ज्य. बी.एस्सी. झाल्याचं चीज झालं म्हणायचं. तेल्हाऱ्याला आई जबड्याच्या कॅन्सरनं तळमळतेय. पहिल्या बाटल्या तिलाच द्यायचं डॉक्टरांनी कबूल केलंय. मी हरखून गेलोय.

शुक्रवार, ८ जानेवारी
रोज सकाळी विष तोलायच्या ताजव्यात कडुनिंबाची डहाळी पडलेली असते. झाडलोट करणाऱ्या सत्यभामाबाईंना हटकलं. त्या म्हणाल्या, "मी नाई ठेवत बाबू. आमचा डोमाजी ठेवत जाय." डोमाजी त्यांचा नवरा, माझ्याआधी इथेच खल धरायचा. विष अंगात भिनलं की निंब गोड लागतो, म्हणून तो रोज आधी पाला चावून पाहायचा. दिवाळीत याच खलावर त्यानं मान टाकली. अंगावर दंशाची खूण नव्हती म्हणे.
मी पडलो बुद्ध धम्माची दीक्षा घेतलेला माणूस. भुताखेतांना कोण भीक घालतो? डहाळी केरात टाकली.

रविवार, १७ जानेवारी
तेल्हाऱ्याला जाऊन आलो. तिथले कंपाउंडर जानराव, त्यांनी आईला पहिलं इंजेक्शन दिलं. बाकी बाटल्या त्यांच्याकडेच ठेवल्या, आता दर रविवारी एक. तासाभरात आई उठून बसली, दुधात भाकर कुस्करून खाल्ली. मला रडू आवरेना.

सोमवार, २५ जानेवारी
खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. तरी डहाळी असतेच. हल्ली डोकं जड असतं, पापण्या आपोआप मिटतात. सत्यभामाबाई म्हणाल्या, पाला खाऊन पाह्य, काय जाते तुह्यं? मी हसण्यावारी नेलं.

गुरुवार, २८ जानेवारी
धाकट्या बहिणीचं, शालूचं पत्र आलं. आईचं दुखणं साफ थांबलं, दिवसभर झोपून असते. शेवटी गंमत म्हणून लिहिलंय, आईले निंबाचं दातवन गोड लागून राहिलं.
पत्र तीनदा वाचलं. इंजेक्शन थांबवा म्हणून सकाळी तार करतो.

शुक्रवार, २९ जानेवारी
आज ताजव्यात डहाळ्या दोन. एक माझी. दुसरी —
तारऑफिसला निघालो. पायरीवरच पडलो. दोनदा. सरपटत खोलीत परतलो. डॉक्टर घर बंद करून नागपूरला, सोमवारी येणार. सत्यभामाबाई फिरकल्या नाहीत. हाक मारायला जीभ वळत नाही.

शनिवार, ३० जानेवारी
उद्या रविवार. बाटली जानरावांकडेच —
पापणी बोटानं वर धरून लिहितोय. आतून कडी आहे. तरी कुणीतरी पाला तोंडाशी — विचारतंय, कडू लागते का —
चावला. गोड.
शालू, उद्या आईले इंजेक्शन