पट्टी सैल ठेवणारी बाई

४ जून
आज पुन्हा! कारखान्यात कटिंग मास्तरांनी कसला तरी किस्सा सांगितला, सगळ्या पोट धरून हसल्या आणि मी मशीनवरून उठलेच नाही. आठ वर्षं झाली — हसलं की, शिंकलं की, बादली उचलली की लघवी सुटते. त्यासाठी मऊ सुती घड्या स्वतःच शिवते, चार थर, कडेला दुहेरी शिलाई. शिंपिणीचा तेवढाच फायदा! पण आता वीट आलाय.

७ जून
डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले व्यायाम तीन महिने नेमाने केले. थोडा फरक, पुरेसा नाही. आज त्यांनी कागदावर काढून दाखवलं — मूत्रनळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवायची, झोळीसारखी. खोकलं तरी नळीला आधार राहतो. मग वाईटही सांगितलं. जाळी आत टोचू शकते, दुखणं मागे लागू शकतं, काढायची म्हटली तर सहज निघत नाही. घरी जाऊन विचार करा म्हणाल्या. माल खपवणारी बाई असं बोलत नाही! माझं तिथेच ठरलं.

हे म्हणाले, तुला हवं तसं कर. सासूबाई मात्र फणकारल्या, "बायकांना असतंच ते. मी चढले का कधी दवाखान्याची पायरी?" त्या कुठेच जात नाहीत म्हणा. लग्नकार्यालासुद्धा नाही. हसताना तर मी पाहिलंच नाही. भारी मानी!

२० जून
झालं. तेवढाच भाग बधिर केला, मी जागी. मधेच बाई म्हणाल्या, "खोका. जोरात. लाजू नका." खोकले. पट्टी केसभर सरकवली, पुन्हा खोका. नळी आणि पट्टीच्या मधे कात्री धरून फट ठेवतेय म्हणाल्या. मी विचारलं, ताणून का नाही बसवत?

"आधार द्यायचा, आवळायचं नाही. आवळलं तर लघवी अडेल."

अगं बाई! कमरेला इलॅस्टिक लावताना मी हेच तर सांगत असते. असा हात हजारात एखाद्याचा. पडल्या पडल्या मनातून नमस्कार केला.

२२ जून
घरी. लघवी नीट होतेय. खोकण्याची गंमत जेवताना सांगितली. सासूबाई पानातून वर बघेनात.

१० ऑगस्ट
मास्तरांचा तोच जुना किस्सा. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. कोरडी! घरी येऊन घड्यांचं गाठोडं कचऱ्यात टाकलं.

१२ ऑगस्ट
चादर ठेवायला सासूबाईंचं कपाट उघडलं. आत माझ्या घड्या, धुऊन रचलेल्या. खाली जुनेऱ्याच्या आणखी, वेड्यावाकड्या टाक्यांच्या, विरलेल्या. किती वर्षांच्या! आणि मी मानी म्हणत होते.

त्या मागे उभ्या होत्या. पुढे होऊन कपाटाचं दार लोटलं. मग हळूच म्हणाल्या, "ते खोकायला लावतात... तेव्हा खोलीत फार माणसं असतात का गं?"