भिंगरीला धक्का लागता कामा नये

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
लेक हॉस्टेलवर परत गेली. जाताना तिचा गेम माझ्या ताब्यात दिला. चौघांची टोळी, शेवटी ड्रॅगन. मोड परमाडेथ. म्हणजे जो मेला तो मेला, पुन्हा उठत नाही. चौघेही मेले तर अख्खा गेमच पुसला जातो. ती २८ तारखेला येणार. तोवर चौघांना जिवंत ठेवून तयार करायचं, मग ड्रॅगन आम्ही दोघांनी मिळून मारायचा. सतरा वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे मी. माणसं जिवंत ठेवणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

६ फेब्रुवारी
टोळीची पाहणी केली. ‘बाबा’, ढाल-तलवारवाला. लेकीने माझ्यावरून बनवलाय, पोट उगाच मोठं दाखवलंय. ‘उंदऱ्या’, चोर. ‘लंबू’, तिरंदाज. आणि ‘भिंगरी’. हे लेकीचंच घरातलं नाव. पांढरा झगा, हातात एवढीशी काठी. काठीने काय लढणार पोर!
निर्णय: भिंगरी गेममधल्या सराईच्या खोलीतच राहील. वरचा मजला, आतून कडी. बाकीचे तिघे कामावर.

८ फेब्रुवारी
लेकीचा फोन. सगळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. ती काठीबद्दल काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, तू अभ्यासाकडे बघ, अनुभवी माणसाला शिकवू नकोस. वाटेत सापडलेल्या औषधाच्या बाटल्या भिंगरीजवळ ठेवल्या. बावीस झाल्या. पोरीला अडीअडचणीला असाव्यात.

११ फेब्रुवारी
उंदऱ्या गेला. पेटी उघडताना विषारी सुई टोचली. जवळ एकही बाटली नव्हती. रीतसर अपघात अहवाल लिहिला. कारण: कामगाराने हातमोजे घातले नव्हते. कारखान्यातही मी हेच कारण लिहितो, आजवर एकही अहवाल परत आलेला नाही.
लेकीला कळवलं नाही. परीक्षा तोंडावर आली आहे.

१५ फेब्रुवारी
लंबू. अस्वलाने ओरबाडलं. सराईकडे परत येताना रक्त वाहत राहिलं, दारापासून दोनशे पावलांवर पडला. कारण: कामगार फार सावकाश चालत होता.
भिंगरीला खाली बोलवावं असं एकदा मनात आलं होतं. पण पोरीला रक्त बघवत नाही. बायको म्हणते, लहानपणी तिचा गुडघा फुटला की ती उठून खेळायला लागायची, चक्कर तुम्हालाच यायची. हिला काय आठवतंय!

१६ फेब्रुवारी
फोन. चौघे कसे आहेत, विचारलं. म्हटलं, तुझी भिंगरी एकदम मजेत आहे. यात खोटं काय आहे? ऐकणाऱ्याने नीट ऐकावं. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, तुमच्या तोंडाकडे बघून कळतंय किती जण मेलेत ते.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६
नवा बेत. एकटा बाबा बस्स आहे, गर्दीमुळेच अपघात होतात. निघता निघता वाटलं, सराईला आग लागली तर? भिंत पडली तर? म्हणून माझं चिलखत, ढाल, हेल्मेट, सगळं भिंगरीला घातलं. आता मला निर्धास्त लढता येईल.

२० फेब्रुवारी, ६ वाजून २० मिनिटं
पुलावर लांडगा होता. एकच. तोही लहान.
अहवाल उद्या लिहीन.

२७ फेब्रुवारी
सात दिवसांत एकही अपघात नाही! भिंगरी खोलीत, मी खुर्चीत. कामाची हीच पद्धत योग्य आहे. पण उद्या लेक येणार.

२८ फेब्रुवारी, दुपार
लेक आली. बॅगही खाली न ठेवता कॉम्प्युटरसमोर बसली. भिंगरी सोडून सगळे मेलेले. भिंगरी लेव्हल एकवर, अंगावर तीन मापं मोठं चिलखत, जवळ बावीस बाटल्या. लेकीने बाटल्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाली, बाबा, भिंगरी वैद्य आहे. ती काठी मारायची नाही, जखमा भरायची आहे. ही तुमच्याबरोबर असती तर तिघांतलं कुणीच मेलं नसतं.
मी म्हटलं, आणि हिलाच काही झालं असतं तर?
तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना, आम्ही कुठल्या भिंगरीबद्दल बोलतोय. उठून पाणी प्यायलो.
परत येतो तर तिने खोलीची कडी काढलेली. मी नको नको म्हणेपर्यंत भिंगरी पुलावर. तोच लांडगा. चिलखताच्या ओझ्याने तिला पळताही येईना. मिनिटभरात गेम पुसला गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. लेक मात्र पोट धरून हसत होती.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
नवा गेम सुरू केला. खुर्चीवर ती, स्टुलावर मी. हात मांडीवरून उचलायचे नाहीत, असा हुकूम. टोळी तयार झाली आणि तिघे निघाले. मी विचारलं, माझा बाबा कुठाय? म्हणाली, वरच्या खोलीत ठेवलाय, आतून कडी आहे, जेवण वर येईल, तुम्ही अजिबात काळजी करू नका. स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं.
खोली तशी बरी आहे. खिडकीतून पूल दिसतो. भिंगरी सगळ्यांच्या पुढे चालली होती. मी जपून, जपून म्हणून ओरडत होतो, पण वरच्या खोलीतल्या माणसाचा आवाज त्या गेममध्ये खाली पोचत नाही.