झऱ्याकाठची रेंज

प्रिय हर्षू,

फोनवर तू मला वाक्याच्या क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आमच्या डॉक्टर ममताबाई उद्या नाशिकला येतायत, त्यांच्या हाती देतो आहे. शेवटपर्यंत स्वतः वाच. आमच्या जावईबापू हेमंतरावांकडून सारांश मागवू नकोस.

पुढच्या रविवारी तू बाळंतपणाला जव्हारला येणार, म्हणून तुझ्या आईने मागची खोली माझ्या तारा, अँटेना आणि बॅटऱ्यांपासून मुक्त केली आहे. अर्थात मला न विचारता. खिडकीला जाळी बसली, डिंक आला, खारका फोडून झाल्या. मला मात्र एका जागी बसवत नाही. चार ओळी लिहितो, उठतो, परसातल्या पिंपाचं झाकण बघून येतो, पुन्हा बसतो. आई म्हणते, "आडवे व्हा की जरा! बाळंतीण ती आहे की तुम्ही?"

साखरशेतपलीकडच्या पाड्यावर आम्ही फोनच्या रेंजसाठी खांब उभारला, ते तुला ठाऊक आहेच. आशाताई तिथेच रुग्णाच्या बोटातलं थेंबभर रक्त पट्टीवर तपासते, आणि निकाल डोंगर ओलांडून ममताबाईंच्या फोनवर पोचतो. उरलेली रेंज आम्ही पाड्याला फुकट दिली. एरवी त्यांना फोन लावायला टेकडी चढावी लागे. खांब बसवला झऱ्याकाठी, कारण तिथून समोरच्या डोंगरावरचा मनोरा सरळ दिसतो आणि पाण्याला तर सगळेच येतात. केवढा हुशार तुझा बाप!

पाऊस सरता सरता त्याच पाड्यातून मलेरियाचे निकाल धडाधड येऊ लागले. मी ममताबाईंना ऐटीत म्हणालो, ताप वाढलेला नाही, तो आता कळू लागलाय. दिवा लावला की धूळ दिसणारच. त्यांनी निकालांची यादी माझ्या हातात दिली. ती घेऊन मी घरोघर हिंडलो. आजारी घरं झऱ्याजवळची नव्हती, तर ज्यांचं कोणी भिवंडी-ठाण्याला कामाला आहे, अशांची होती. पाठशाळेत घोकलं होतं, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. इथे जिथे रेंज तिथे ताप. दिवेलागणीला, तिकडची कामं सुटली की, अर्धा पाडा उघड्या हातापायांनी खांबाभोवती येऊन बसतो. मच्छरदाण्या घरात आणि माणसं झऱ्यावर. डासांचीही जेवायची वेळ तीच.

हे पाड्यावर समजावून सांगितलं, तर म्हातारी जिजा म्हणते, "मंग मच्छरांना पन आमचेवानी रेंज लागं काय, सायेब?" सगळे पोट धरून हसले. खांबावरची रेंजची पेटी संध्याकाळी बंद ठेवू का, असं विचारल्यावर मात्र कुणी हसलं नाही. रविना नावाची पोर हळूच म्हणाली, "बंद नका करू, दादा. त्याला सातालाच सुट्टी व्हते."

तो म्हणजे चंदू, तिचा नवरा, भिवंडीच्या गोदामात हमाल. रविनाला तुझ्याइतकेच महिने झाले होते. रोज फोन पोटाला लावून ती त्याला सांगायची, "आईक, लाता मारतोय." पाड्यावर बैठक झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला. जीपने जव्हारला आणली. ती वाचली. पुढचं तुला लिहीत नाही.

खांब आता शाळेजवळ हलवतो आहे, झऱ्यापासून लांब. तिथून डोंगराआड मनोरा दिसत नाही, म्हणून मधल्या कातळावर आणखी एक खांब लागणार. तो होईपर्यंत म्हणून रोज संध्याकाळी झऱ्यावर जाऊन मी लोकांच्या हातापायांना डासांचं मलम चोपडू लागलो. सगळ्यांना लावून होईतो माझ्या वाट्याला डबी रिकामी यायची.

आता मुद्दा. परवा मला हुडहुडी भरली. आशाताईने माझंच बोट टोचलं, आणि निकाल माझ्याच जाळ्यातून ममताबाईंना गेला: मलेरिया. गोळ्या चालू आहेत, मी बरा होणार आहे, उगाच रडू नकोस. पण माझं रक्त स्वच्छ होईपर्यंत या घरातल्या डासाला माझ्यापासून तुझ्यापर्यंत यायला कुठलाच खांब लागत नाही. आणि गरोदर बाईला हा ताप काय करतो ते मी नुकतंच पाहिलं आहे. तेव्हा पोरी, रविवारी येऊ नकोस. बापाने लेकीला माहेरी येऊ नको म्हणायचं, हे लिहायला मला सकाळपासून चार कागद लागले. आईची तपासणी स्वच्छ निघाली आहे. डिंकासकट तीच तुझ्याकडे यावी, असं मला वाटतं. पण माझ्यापाशी थांबावं की तुझ्याकडे निघावं, या घोळात ती कालपासून बॅग भरते आणि रिकामी करते. मी सांगून ती हलायची नाही. तू बोलाव. तू रागावून बोलावलंस तर नक्की निघेल, आणि मग मला इथे निवांत कुडकुडता येईल.

तुझाच, सध्या मच्छरदाणीत मुक्कामाला असलेला,
बाबा